कढईच्या खडकावरचा क्रूस

या मोहिमेत सगळ्यात आरामाचं काम कुणाचं, असं वल्हेकऱ्यांना विचारलं असतं तर त्यांनी एका सुरात पेन्सिलसाहेबाचं नाव घेतलं असतं. बाकीच्यांनी पाठीवर दोन-दोन गाठोडी घेऊन चिखल तुडवायचा आणि याने खडकावर बूड टेकून त्यांची चित्रं काढायची. "आम्ही बुडावं आणि साहेबानं रंगवावं," असं तुसाँ म्हणायचा आणि सगळे हसायचे. तोवर कुणी बुडालेलं नव्हतं.

साहेबाचं खरं नाव थर्लो. विलायतेच्या आरमारातला माणूस, काटकुळा, नाक सदा लाल. कप्तानाला उत्तरेच्या समुद्रापर्यंत नदीची वाट शोधायची होती आणि वाटेतल्या प्रत्येक वाईट जागेचं चित्र त्याला हवं होतं. परत गेल्यावर त्याचं पुस्तक निघणार होतं. लंडनच्या लोकांना म्हणे शेकोटीपाशी पाय पसरून दचकायला आवडतं. आवडो बापडे. दचकण्याची हौस ज्याच्या घरी चूल पेटलेली असते त्यालाच असते.

तुसाँ पहिल्या होडीच्या नाळेवर, म्हणजे सगळ्यात पुढे उभा राहणारा. पाणी वाचायचं ते त्याने, आणि खळाळातून होडी घालायची की खांद्यावर घेऊन काठाने चालायचं, हेही त्यानेच ठरवायचं. नाळेवरच्याचा शब्द पाण्यावर शेवटचा असतो, तिथे कप्तानाचंही चालत नाही. नाळेवरचा टोपीत पीस खोवतो. तुसाँच्या टोपीत गरुडाचं होतं आणि ते त्याला जरा जास्तच शोभायचं, असं त्याची बायको सुझेत म्हणायची.

सुझेत मोहिमेबरोबर होती ती काही हौसेने नव्हे. आमच्या होड्या भूर्जाच्या सालीच्या. रोज कुठे ना कुठे सांधा उसवतो, तो देवदाराच्या मुळ्यांनी शिवावा लागतो, वरून राळ लावावी लागते. सुझेतची आई इथल्या मूळच्या क्री जमातीची होती, बाप कातडी विकत घेणाऱ्या कंपनीचा वल्हेकरी. हे काम ती चालायला लागली तेव्हापासून करत आली होती. साहेबाने एकदा पाहिलं, की बाकी सगळं भिजलं तरी हिच्या गाठोड्यातली सालपटं कोरडी असतात. तेव्हापासून त्याच्या चित्रांचं बाडही तिच्याचकडे आलं. संध्याकाळी ती चित्रं मेणकापडातून काढून एकेक वाळवायची. त्यामुळे ती चित्रं कप्तानाच्याही आधी तिने पाहिलेली असायची.

'दाढ' नावाचा खळाळ आला तेव्हाची गोष्ट. साहेब पुढे जाऊन त्याचं चित्र काढून आला होता. मुक्कामावर ते वाळत असताना वल्हेकरी भोवती जमले. ओनेझीम म्हणून म्हातारा सुकाणूवाला होता, सुझेतच्या बापाचा सोबती. त्याने चित्रातल्या एका खडकावर बोट ठेवलं.

"साहेब, हे काय?"

"क्रूस," साहेब म्हणाला. "तुमचाच. त्यावर ठिपक्यांचा रुमाल बांधलाय."

"या नदीवर मी म्हातारा झालो. दाढेवर क्रूस नाही."

"मला जे दिसतं तेच मी काढतो."

"मग एखादा चष्मा घ्या," प्रोस्पेर नावाचा वल्हेकरी म्हणाला. "नाहीतर तुमची ती औषधाची बाटली आम्हाला तरी द्या." त्यावर हशा झाला.

क्रूस म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. माणूस बुडाला की त्याच्याच वल्ह्याचा क्रूस करतात, जवळच्या खडकावर दगडांत रोवतात, त्याच्या अंगावरचं काही हाती लागलं तर वर बांधतात. मग पुढे कितीही वर्षांनी कुणाचीही होडी तिथून जावो, खालच्या शांत पाण्यात पोचलं की वल्ही थांबवायची, मागे वळून टोपी काढायची आणि देवाच्या आईची एक प्रार्थना, नमो मारिया, म्हणायची. ना चर्च, ना पाद्री, ना घंटा. बुडालेल्याला एवढंच मिळतं, आणि एवढ्यावर त्याचा जीव शांत होतो असं आम्ही मानतो. ज्याला एवढंही मिळत नाही तो पाण्याखाली येणाऱ्या-जाणाऱ्या वल्ह्यांकडे बघत राहतो.

दुसऱ्या दिवशी दाढेवर होडी दोराने ओढून नेताना दोर तुटला. साहेबाची एक पेटी गेली, बंदुकीच्या दारूचं पिंप गेलं आणि प्रोस्पेर गेला. तो खाली सापडला, पण तोवर उशीर झाला होता. ओनेझीमने त्याच्या वल्ह्याचा क्रूस केला आणि त्यातल्या त्यात उंच खडक बघून रोवला. गळ्यातला रुमाल सोडून वर बांधला. रुमाल ठिपक्यांचा होता.

संध्याकाळी सुझेतने बाड उघडलं आणि ते चित्र पुन्हा पाहिलं. तोच खडक, तीच क्रूसाची कललेली मान, रुमालाची तशीच गाठ. तिने चित्र पालथं घातलं आणि कुणाला काही बोलली नाही. बोलून काय होणार होतं? पण त्या दिवसापासून नवीन चित्र हाती आलं की आधी ती खडक बघायची आणि मग श्वास सोडायची. पुढच्या कितीतरी चित्रांत पाणी होतं, झाडं होती, मुंगीएवढे वल्हेकरी होते. क्रूस नव्हता. हळूहळू तिला वाटायला लागलं, एकदा झालं ते झालं.

मग 'कढई' आली.

कढईत पाणी तिन्ही बाजूंनी येऊन मधे उकळतं, म्हणून ते नाव. एरवी उन्हाळ्यात जाणारे लोक तिथे काठाने चालतात, पण चालायची वाट म्हणजे दलदल आणि सुटे दगड. दिवस निघून चालले होते, सकाळी काठाच्या पाण्यावर बर्फाची साय दिसू लागली होती, आणि कप्तानाचा जीव वरखाली होत होता. होडीत बसून खळाळ उतरलं तर काम तासाभराचं, खांद्यावरून नेलं तर दोन दिवसांचं. तुसाँने काठावरून पाणी पाहिलं आणि जमेल म्हणाला. साहेबाने शेजारी बसून चित्र काढलं. दुपार कलताना कप्तान, तुसाँ आणि साहेब मुक्कामावर परतले.

सुझेतने चित्र हातात घेतलं. खडक चित्रात अगदी पुढेच होता, म्हणून क्रूसही मोठा होता. त्यावर कमरेचा शेला बांधलेला होता. शेल्याच्या एका टोकाला गोंडे होते. दुसरं टोक अर्धं जळालेलं होतं.

गेल्या हिवाळ्यात शेकोटीजवळ झोपेत तुसाँने ते टोक जाळून घेतलं होतं. त्यावरून तिने त्याला दोन दिवस बोलून घेतलं होतं, कारण तो शेला तिने स्वतः विणला होता.

ती चित्र घेऊन थेट साहेबाकडे गेली. तो तंबूबाहेर बोटं चोळत बसला होता.

"साहेब, हा शेला कुठे पाहिलात?"

साहेबाने मान खाली घातली. "क्रूसावर."

"तिथे क्रूस आहे?"

"नाही."

"मग?"

"मादाम, मी काढत असतो तेव्हा असतो. हात थांबला आणि मान वर केली की नसतो." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "दाढेवर मला वाटलं, उन्हानं डोळे दिपले. प्रोस्पेर गेल्यावर मी देवाला सांगितलं, पुन्हा असं दाखवू नकोस. शेला कुणाचा ते आज मला काढतानाच कळलं. तो माझ्या शेजारीच उभा होता."

"आणि तुम्ही त्याला बोलला नाहीत."

"काय बोलू? कसं बोलू?"

ती तुसाँला शोधायला गेली. तो पालथ्या घातलेल्या होडीखाली पडून पाइप ओढत होता. तिने चित्र त्याच्या तोंडासमोर धरलं.

"बघ."

त्याने पाहिलं, हसला. "जळकं टोकसुद्धा काढलंय. आता लंडनभर कळणार तुसाँची बायको काय विणते."

"तुसाँ, दाढेच्या चित्रात प्रोस्पेरचा रुमाल होता. तो मरायच्या आदल्या दिवशी."

तो हसायचा थांबला. पाइप विझला तरी तो तसाच तोंडात धरून राहिला. मग म्हणाला, "तू काय म्हणतेस?"

"उद्या होडी घालू नकोस. चाल."

"मी एकट्यानं चालायचं आणि बाकीच्यांनी होडीतून जायचं? त्यापेक्षा मी शेलाच तुझ्या हाती देतो, जाऊन बांध."

"सगळ्यांनाच चालव की मग. शब्द तुझा आहे."

"दोन दिवस चिखलात. लोक काय म्हणतील ठाऊक आहे ना?"

"म्हणू देत. मला नवरा हवाय, पीस नकोय."

तुसाँ तसा हट्टी, पण आपल्या बायकोला कशाची भीती वाटते आणि कशाची नाही, हे त्याला माहीत होतं. तो उठला आणि कप्तानाला सांगून आला, होड्यांची राळ तडकलीय, पाण्यात घालणं धोक्याचं, उद्या सगळं खांद्यावरून न्यायचं. कप्तान धुसफुसला. पण शब्द नाळेवरच्याचा.

जेवणं झाली आणि बोलणी सुरू झाली. वल्हेकऱ्यांत शिवी अशी एकच. पहिल्यांदा नदीवर आलेल्या, पाण्याला घाबरणाऱ्या शहरी गड्याला आम्ही चरबीखाऊ म्हणतो. ती शिवी नाळेवरच्याला कुणी देत नाही. त्या संध्याकाळी गास्पारने दिली. गास्पारला स्वतःला नाळ हवी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"राळ तडकली म्हणे," गास्पार आगीत काटकी टाकत म्हणाला. "कुठली रे तडकली, तुसाँ? होडीची की आतली?"

"तोंड आवर," ओनेझीम म्हणाला.

"मी कुठे काय म्हणतोय, काका? म्हटलं, चरबीखाऊला चिखल मानवतो. बायकोनं सांगितलं असेल, बाळा, पाय ओले करू नकोस."

लोक हसले. तुसाँ हसला नाही आणि उठलाही नाही. एरवी त्याने गास्पारचा दात पाडला असता. तो नुसता बसून राहिला. मग हळूच टोपी काढून त्याने त्यातलं पीस उपटलं आणि खिशात टाकलं.

ते सुझेतने पाहिलं. तिला वाटलं होतं, नवरा वाचला की बाकी सगळं सोसता येईल. पण पीस नसलेल्या त्या टोपीकडे तिच्याने बघवेना. ज्या माणसाला धाकटी पोरं बोट दाखवून ओळखायची, त्याने मान खाली घालून बसावं, तेही तिच्या शब्दाखातर, हे तिच्या काळजात रुतलं. तिला दोन्ही हवं होतं. जिवंत नवराही हवा होता आणि पिसाचा नवराही. यात काही पाप आहे असं मला तरी वाटत नाही.

तेव्हा तिच्या डोक्यात आलं: क्रूसच नसेल तर?

ती पुन्हा साहेबाकडे गेली.

"चित्र रंगवलं नाही ना अजून?"

"उद्या रंगवीन."

"रंगवायच्या आधी पुसता येतं?"

साहेबाने तिच्याकडे पाहिलं. तो काय ते समजला. "मादाम, मी आजवर चित्रातलं काही पुसलेलं नाही. कप्तानाला शब्द दिलाय, दिसेल तेच काढीन."

"ते तुम्हालाच दिसतं. तिथे नाही. जे नाही ते काढलंत, हे खोटं नाही का?"

त्यालाही हेच कुणीतरी म्हणायला हवं होतं, असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. "पुसलं असतं," तो शेवटी म्हणाला. "पण रबर त्या पेटीत होतं. दाढेत गेलं. पावाच्या गरानेही पुसता येतं, पण इथे पाव कुठला? इथे सगळं चरबीत मळलेलं मांस. त्याने कागदाचा सत्यानाश होईल."

पाव नव्हता हे खरं. पीठ संपून महिने झाले होते, कप्तानाच्या ताटातसुद्धा वाळकं मांस होतं. पण सुझेतच्या गाठोड्यात, चिंधीत बांधलेलं, ओंजळभर पीठ होतं. तुसाँचा जन्म सर्व संतांच्या सणाचा, फ्रेंच बोलीत त्या सणालाच तुसाँ म्हणतात, म्हणून तर त्याचं हे नाव. दर वर्षी त्या दिवशी ती त्याच्यासाठी भाकरी भाजायची. मग ते दोघं कुठेही असोत, कितीही उपाशी असोत. या वर्षीचं पीठ तिने चोरापासून जपावं तसं जपलं होतं.

तिने ते मळलं, जाड भाकरी थापली आणि सपाट दगडावर भाजली. वास सुटला तशी माणसं माना वळवून बघू लागली. भाकरी कापडात गुंडाळून तिने साहेबापुढे ठेवली.

साहेबाने आतला मऊ गर काढला, बोटांत मळून त्याची गोळी केली आणि क्रूसाच्या टोकापासून सुरुवात केली. आधी आडवी फळी गेली. मग गोंडे गेले. जळकं टोक जाताना सुझेतला वाटलं, कुणीतरी आपल्या अंगावरचं पांघरूण ओढून नेतंय. गोळी काळी झाली की साहेब नवी घ्यायचा. शेवटी खडक उघडा राहिला. जिथे क्रूस होता तिथे कागद थोडा लवदार दिसत होता, बाकी काही नाही.

"संपलं," साहेब म्हणाला. मग त्याने उरलेल्या कडेकडे पाहिलं आणि शरमून विचारलं, "हे खाल्लं तर चालेल?"

"खा."

काळ्या गोळ्या तिने मुठीत गोळा केल्या आणि आगीत टाकल्या. मग ती चित्र घेऊन तुसाँकडे गेली. तो अजून जागाच होता. आग अजून पेटलेली होती.

"आता बघ."

त्याने चित्र उजेडाकडे धरलं. खडकावरून अंगठा फिरवला. "कुठे गेला?"

"काढून टाकला."

"खरंच?"

"माझ्या डोळ्यांसमोर. आता तिथे कुणाचा क्रूस नाही."

त्याने मोठा सुस्कारा टाकला. मग खिशातून पीस काढलं, दोन बोटांत धरून सरळ केलं आणि टोपीत खोवलं. सुझेत हसली. त्या हसण्यावरून तिने पुढे आयुष्यभर स्वतःला कोसलं.

सकाळी तुसाँने कप्तानाला सांगितलं, राळ पुन्हा लावलीय, होड्या पाण्यात घालू. गास्पारकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. कप्तान, साहेब आणि सुझेत काठाच्या वाटेने पुढे गेले आणि खालच्या शांत डोहापाशी थांबले. तिथून सगळी कढई दिसते. समोर तो खडक होता, ओला आणि उघडा. सुझेतने आधी खडकाकडे पाहिलं आणि मग वर नजर लावली.

होडी आली. नाळेवर तुसाँ उभा होता. पाण्याच्या जिभेवर त्याने तिला नेमकं घातलं, डाव्या दगडाला वल्ह्याने लोटलं, उजव्याला चुकवलं. असं उतरताना त्याला पाहणं म्हणजे सुख होतं. सुझेतच्या शेजारी कप्तान पुटपुटला, "शाबास." वाईट जागा मागे पडली होती. खडकापाशी तर फक्त वेग होता.

तिथे तुसाँने मान वळवली. खडकाकडे पाहिलं. आणि वल्ह्यावरचा एक हात सोडून त्याने टोपी काढली.

वेगात असताना नाळेवरचा माणूस वल्ह्यावरचा हात सोडत नाही. प्रत्यक्ष देवाची आई काठावर उभी असली तरी सोडत नाही, डोहात पोचून मग मान लववतो. सुझेतने पाहिलं, तो टोपी छातीशी धरून उभा आहे, चर्चच्या दारात उभा राहावा तसा. मग होडीची नाळ आडवी फिरली आणि तिथे कुणी नव्हतं. होडी तशीच खाली आली, अर्धी पाण्याने भरलेली. बाकी सगळे जिवंत होते.

ओनेझीम काठावर उतरला तो थेट सुझेतकडे आला. त्याने आपण होऊनच सांगितलं.

"तो मला ओरडून म्हणाला, काका, टोपी काढा. म्हटलं, का रे? म्हणाला, क्रूस आहे." म्हाताऱ्याने तोंड पुसलं. "मी पाहिलं, पोरी. काहीच नव्हतं तिथे."

तुसाँ डोहाच्या कडेला भोवऱ्यात सापडला. त्याच्यावर दगड रचले. त्याच्या वल्ह्याचा क्रूस केला. कुठे रोवायचा याची चर्चा झालीच नाही, सगळ्यांचे पाय आपोआप त्या खडकाकडे वळले. शेला सुझेतने स्वतः बांधला, जळकं टोक खाली. गास्पारने दगड वाहिले, सगळ्यांत मोठे त्यानेच, आणि तो ढसाढसा रडत होता. मग नमो मारिया झाली आणि होड्या सुटल्या. सुझेत पहिल्या होडीत बसली.

डोहाच्या मध्यावर वल्ही थांबली. सगळे मागे वळले, हात टोप्यांकडे गेले आणि तिथेच राहिले.

"पडला वाटतं," गास्पार म्हणाला.

खडक उघडा होता.

ते परत फिरले. काठावर उतरून वर चढले. क्रूस रोवला तसाच उभा होता, शेला वाऱ्यावर हलत होता. गास्पारने तो दोन्ही हातांनी हलवून पाहिला, हलला नाही. पुन्हा होडीत बसले, पुन्हा डोहाच्या मध्यावर गेले. काही नाही. कप्तानाने दुर्बीण लावली, मग ती साहेबाच्या हाती दिली. साहेबाने लावली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"काठावरून आहे," ओनेझीम हळूच म्हणाला. "पाण्यावरून नाही."

सुझेतला मात्र सगळं समजलं. क्रूस माणसाला मारत नाही. तो मेल्यावर येतो, मेलेल्याच्या सोबतीला. साहेबाला जे दिसलं ते तुसाँचं मरण नव्हतं, मरणानंतर त्याला मिळायचं होतं तेवढंच होतं. आणि तेवढंच तिने पुसायला लावलं होतं. ते पुसलं नसतं तर तो आज चिखलातून चालत शिव्या देत असता. आता किती होड्या इथून जातील, गात जातील, आणि एकाही माणसाचा हात टोपीकडे जाणार नाही. तुसाँ खालून बघत राहील.

"मी पुसला," साहेब म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मी पुसायला लावला," सुझेत म्हणाली. "मला काठाला लावा."

तिला समजवायचा सगळ्यांनी प्रयत्न केला. ओनेझीम चिडला, मग गयावया करू लागला. "अगं, हिवाळा तोंडावर आलाय. तुझा बाप मला वर गेल्यावर काय म्हणेल?"

"आईचे लोक पाणी गोठायच्या आधी मासे धरायला या डोहावर येतात, काका. मी त्यांच्यात राहीन."

"आणि करशील काय?"

त्यांनी तिला एक भांडं दिलं, जाळं, कुऱ्हाड आणि घोंगडी. साहेबाने आपला कोट काढून ठेवला. चित्र तिने मागितलं नाही आणि त्यानेही दिलं नाही. पुढे ते पुस्तकात छापलं म्हणतात, उकळतं पाणी आणि पुढे एक उघडा खडक. लंडनचे लोक दचकले की नाही, देव जाणे.

ती वेडी झाली असं काही जण सांगतात. ते खोटं आहे. त्या हिवाळ्यात ती आईच्या लोकांत राहिली, जाळी विणली, मासे वाळवले, लोकांची पोरं सांभाळली. बर्फ फुटलं तशी ती कढईवर परतली आणि वाट बघू लागली.

पहिली होडी आली ती कंपनीची, दक्षिणेकडच्या नव्या लोकांची. तुसाँला त्यांतला कुणीही ओळखत नव्हता. ते काठाच्या वाटेने चालून डोहात उतरले, होडी पाण्यात घातली आणि गायला लागले. चालून दमलेली माणसं मोकळ्या गळ्याने गातात तसं. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

सुझेत खडकावर चढली. क्रूस तिथे होता. तिने त्याचा शेला सोडून आपल्या हातावर टाकला, क्रूसाला पाठ टेकली आणि दोन्ही हात आडवे पसरले. मग एकदाच, जेवढा होता तेवढा आवाज काढून तिने हाक मारली.

गाणं थांबलं. होडीतल्या सुकाणूवाल्याने मागे पाहिलं आणि वल्हं वर उचललं. मग एकाने टोपी काढली, त्याच्या पाठोपाठ सगळ्यांनी. त्यांना लांबून क्रूस दिसत होता, त्यावर एक शेला. प्रार्थनेचे शब्द पाण्यावरून तिच्यापर्यंत येऊ लागले. तिच्या हातांना कळ लागली, वाऱ्याने केस तोंडावर आले, पण आपण जरा जरी हललो तर ती माणसं ओळखतील की ही कुणी बाई आहे, आणि अर्ध्यावरच टोप्या घालतील, हे तिला ठाऊक होतं. म्हणून होडी वळणाआड जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली.